सम बिटांच्या मूळ संख्या : एकच जोडी बिघडलेली

बायनरीत (फक्त ० आणि १ वापरून) लिहिल्यावर पॅलिंड्रोम असलेल्या, म्हणजे उलटसुलट सारख्याच वाचल्या जाणाऱ्या मूळ संख्या आपल्या सगळ्यांच्या वहीत आहेत : ५ (१०१), १७ (१०००१), ७३ (१००१००१), १०७ (११०१०११)... पण सम बिटांची (बिट म्हणजे बायनरीतला एक अंक) त्यात एकच, ३ (११). तीनच्या हिशेबात, म्हणजे ३ ने भागून उरणाऱ्या बाकीत (बाकी २ म्हणजेच −१), २ चे घात +१, −१, +१ असे आलटूनपालटून येतात. बिट सम असले की समोरासमोरच्या दोन जागांत एक +१ ची, दुसरी −१ ची. प्रत्येक जोडी आपसात फिटते आणि संख्या थेट ३ च्या पाढ्यात.

मग टोकं तशीच ठेवून आतली एकच जोडी बिघडवली : एकीकडे १, समोर ०. आता ती जोडी फिटत नाही, बाकी +१ किंवा −१ उरतेच. म्हणजे ३ ची कटकट कायमची मिटली!

४ बिटांत अशा दोनच, ११ (१०११) आणि १३ (११०१). दोन्ही मूळ. ६ बिटांत ८ पैकी ५ : ३७, ४१, ४७, ५९, ६१. ८ बिटांत २४ पैकी १५, म्हणजे पुन्हा ५/८. हा निव्वळ योगायोग. १० बिटांत ६४ पैकी ३२ निघाल्या. तरी ५१३ ते १०२३ मधल्या २५६ विषम संख्यांत मूळ फक्त ७५ आहेत हे पाहिलं, तर निम्म्या म्हणजे चंगळच.

१० बिटांतली मधली जोडी मात्र स्वतः मांडून बघाच. मध्ये ०१ ठेवलं की ५२९, ६०१, ६६१, ७३३, ७८७, ८५९, ९१९, ९९१. पहिली २३ चा वर्ग, बाकी सातही मूळ. तीच जोडी उलटी, १०, केली की प्रत्येकीत १६ वाढतात, आणि उरतात फक्त ६१७ आणि ६७७. ५४५, ८७५, ९३५ पाचानं खाल्ल्या, ७४९ सातानं, ८०३ अकरानं, १००७ एकोणिसानं. यामागे काही खोल कारण असेल असं मला वाटत नाही, पण सात विरुद्ध दोन बघून गंमत वाटते.

दोन जोड्या बिघडवल्या की ३ परत डोकं वर काढतो. ६ बिटांत अशा चार : ३९ आणि ५७ गेल्या, ४३ (१०१०११) आणि ५३ (११०१०१) वाचल्या. शेजारच्या दोन जोड्यांतले १ एकाच बाजूला आले की संख्या गेली. जोड्या एक सोडून एक असतील तर नेमकं उलट, विरुद्ध बाजूंचे १ संख्या घालवतात. ८ बिटांत हे दोन्ही प्रकार सापडतात, सध्या तीच यादी चालू आहे.