तपासणी दुपारी केली, मासे पहाटे मेले

पहाटे साडेपाचला फोन वाजला. "मॅडम, कुणीतरी तळ्यात औषध टाकलंय, सगळे मासे उलटे झालेत, लवकर या." मत्स्य विभागात लागून मला तेव्हा दुसरंच वर्ष होतं आणि हे तळं आमच्याच अनुदान योजनेतलं, तीन आठवड्यांपूर्वी मीच जाऊन तपासणी केलेली, सगळं व्यवस्थित आहे म्हणून सही पण माझीच, त्यामुळे गाडी काढतानाच पोटात गोळा आला होता.

पोचले तेव्हा नुकतं उजाडत होतं, आभाळ भरलेलं, ढगाळ हवेचा तिसरा दिवस. कडेला पांढरी पोटं तरंगत होती आणि जे जिवंत होते ते वर तोंड काढून हवा ओढत होते. शेकडो तोंडं एकदम उघडमीट करतात ना, त्याचा एक बारीक चपचप आवाज येतो, अख्ख्या तळ्यावर तेवढाच आवाज होता. तळेवाले काका बांधावर उभे, शेजाऱ्याचं नाव घेत होते, पोलिसात जायला मुलाला पाठवायच्या तयारीत. मी म्हटलं, "काका, आधी मला अर्धा तास द्या, मग काय ते ठरवू."

मेलेले बघितले तर जवळपास सगळे मोठे. लहान पिल्लं कडेला धडपडत होती पण जिवंत होती. विषात बहुतेक वेळा लहान-मोठं असं काही उरत नाही, ऑक्सिजन संपला की मात्र मोठे आधी जातात. मग काचेच्या ग्लासात पाणी घेऊन उजेडाकडे धरलं, त्यात टिंबाएवढे प्लवक जीव झटके देत पोहत होते. कीटकनाशक असतं तर पहिले हेच मेले असते. तरी खात्री पाहिजे म्हणून पाण्यातला ऑक्सिजन तपासायचं किट काढलं, तळाजवळचं पाणी बुडबुडा न राहू देता बाटलीत भरलं, मँगनीज सल्फेट घातलं, मग अल्कलाइन आयोडाइड, बूच लावून हलवलं. पाण्यात ऑक्सिजन असला की तपकिरी साका बसतो. माझ्या बाटलीत पांढरा बसला. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं पांढरा म्हणजे ऑक्सिजन नाहीच, पण डोळ्यांनी बघितला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

मग एरेटरकडे, म्हणजे पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राकडे बघितलं. "काका, एरेटर बंद का आहे?"

"रात्री कशाला लावू मॅडम? दिवसा लावतो की रोज चार तास. तुम्ही आलात तेव्हा चालूच होता ना."

होता, अगदी खरं, मीच फॉर्मवर 'चालू' लिहून फोटो काढला होता दुपारी बारा वाजता, आणि दुपारी बारा वाजता हिरव्या तळ्याला एरेटरची गरजच नसते हो, उन्हात शेवाळ स्वतःच ऑक्सिजन बनवत असतं. रात्री तेच शेवाळ माशांच्या बरोबरीने ऑक्सिजन खातं, म्हणून उजाडायच्या आधी पातळी सगळ्यात खाली येते. त्यात ढगाळ दिवस आले की दिवसाची कमाई पण कमी. आम्ही त्यांना यंत्र दिलं, बिल तपासलं, फोटो काढला, पण ते कधी चालवायचं हे नीट कुणी सांगितलंच नाही, मी पण नाही.

एरेटर लगेच सुरू केला, पंप लावून तळ्याचंच वरचं पाणी फवाऱ्यासारखं परत तळ्यात सोडलं, खाद्य पूर्ण बंद. मुलगा चुन्याची गोणी घेऊन आला, त्याला थांबवलं, कारण चुन्याने पीएच वाढतो आणि पीएच वाढला की पाण्यातला अमोनिया जास्त विषारी होतो. मेलेले भराभर काढायला लावले, ते कुजायला लागले की उरलासुरला ऑक्सिजन तेच संपवतात. हळूहळू जिवंत मासे एरेटरच्या तोंडाशी गोळा झाले. अकराच्या सुमारास वरच्या पाण्यात ऑक्सिजन लिटरला 3 मिलिग्रॅम भरला आणि चपचप थांबली.

खरी अडचण पंचनाम्याला आली. मंजुरी 4,000 बोटुकल्यांची, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांची, सोडलेल्या 6,000. "मरतूक धरून जास्त सोडली मॅडम, सगळेच सोडतात." हे लिहिलं तर नुकसानभरपाई अडकणार हे मला माहीत होतं, त्यांनाही. मी लिहिलं. पण त्याच पानावर हेही लिहिलं की एरेटर वापरायचं प्रशिक्षण दिलेलं नाही, मागची तपासणी दुपारी झाली होती आणि ती मीच केली होती. काका माझ्याशी बोलले नाहीत, महिनाभर फोन उचलला नाही, मला ते फार लागलं. भरपाई शेवटी मिळाली, पण कमी.

नंतर ऑफिसात मी विषय काढला की आपल्या फॉर्मवर तळ्याची लांबी आहे, रुंदी आहे, खोली आहे, बोर्ड लावला का तेही आहे, पण पाणी कितीला तपासलं त्याची वेळ लिहायला जागाच नाही. उत्तर मिळालं, ऑफिसच्या वेळेबाहेरची पाहणी नियमात बसत नाही. मला हे आजही पटत नाही. तळं काही दहा ते सहा चालत नाही, आणि ज्या तपासणीने एक मासा वाचत नाही ती नुसती सह्यांची जमवाजमव. आता मी शेऱ्याच्या रकान्यात वेळ लिहिते आणि ढगाळ आठवडा असला की जमेल तेवढ्या तळ्यांवर पहाटे पाचला जाते.

पुढच्या हंगामात काकांनीच फोन केला, पुन्हा पहाटेचाच, आणि मी घाबरून उठून बसले.

"मॅडम, किट घेतलंय मी. आत्ता 4 दाखवतंय, आणि एरेटर रात्री बारापासून चालू आहे. खाद्य आज अर्धं टाकू का?"

आभाळ कसं आहे विचारलं. भरलेलं आहे म्हणाले. म्हटलं, आज टाकूच नका.