बाकावरचा गडी

कॉलेजच्या खो-खो संघात मी होतो. वाक्य खरं आहे, पण त्याला एक बारीक फट आहे. खो-खोचा संघ बारा जणांचा आणि मैदानात उतरतात नऊ. उरलेले तिघे राखीव. त्या तिघांतला तिसरा मी. राखीव गड्याची कामं ठरलेली असत: सगळ्यांच्या चपला-कपड्यांवर लक्ष ठेवायचं, लिंबं चिरायची, खेळणाऱ्यांची घड्याळं आपल्या मनगटावर बांधून सांभाळायची आणि सर ‘पाणी!’ म्हणाले की तांब्या घेऊन पळायचं. माझा पळण्याचा सराव झाला तो एवढाच.

हे सगळं परवा वर आलं ते अमेरिकी विनोदी नट हॅरॉल्ड लॉइडचा ‘द फ्रेशमन’ पाहताना. सिनेमा १९२५चा, म्हणजे शंभरी ओलांडलेला मूकपट. बायको दोनदा डोकावून गेली. ‘यात कुणी बोलत कसं नाही?’ म्हणाली. तिसऱ्यांदा आली ती बसलीच.

हॅरॉल्ड लॅम्ब नावाचा एक भाबडा पोरगा. गोल फ्रेमचा चष्मा, ज्याच्यात काचाच नाहीत. कॉलेजात लोकप्रिय कसं व्हायचं हे तो एका सिनेमातून शिकून आलाय. कुणाशीही हात मिळवण्याआधी तो दोन्ही पायांनी एक छोटासा नाच करतो, मग हात पुढे. ज्या टेट विद्यापीठात तो येतो त्याची ओळख पडद्यावर अशी येते की हे एक भलंमोठं फुटबॉल स्टेडियम आहे आणि त्याला एक कॉलेज जोडलेलं आहे. (आपल्याकडे स्टेडियमच्या जागी ‘लग्नाचं लॉन’ घालून पाहा. चपखल बसतं.) पोरं त्याच्या पैशानं आइस्क्रीम खातात आणि पाठ वळली की त्याला हसतात. त्याला वाटतं, आपली हवा झाली.

मग फुटबॉल. आपला नव्हे, त्यांचा. लांबट चेंडू बगलेत मारून पळायचं आणि पळणाऱ्याला बाकीच्यांनी लोळवायचं. लोळवण्याच्या सरावासाठी एक भरलेला पुतळा टांगलेला असतो. तो मोडतो आणि त्याच्या जागी हॅरॉल्ड उभा राहतो. दिवसभर अख्खा संघ एकेक करून त्याच्या अंगावर येतो. संध्याकाळी त्याचा चिवटपणा पाहून ठरतं की याला पाणी द्यायला ठेवू, पण सांगायचं मात्र की तू संघात आहेस.

मी अडकलो ते इथेच. आम्हा तिघा राखिवांना आपण काय आहोत हे पक्कं ठाऊक होतं. हॅरॉल्डला ते ठाऊक नाही. तो पाणी देतो ते संघातला खेळाडू म्हणून, आणि बाकावर बसतो तोही आता कुठल्याही क्षणी हाक येईल अशा बेतानं. मला त्याची कीव यायला हवी होती. आला तो हेवा.

लॉइडनं आधी शेवटचा सामनाच चित्रित करायला घेतला होता, पॅसाडिनाच्या रोझ बोल मैदानावर. जमेना. मग सगळं बाजूला ठेवून तो गोष्टीच्या सुरुवातीपासून क्रमानं आला. बरोबरच आहे. आधी पुतळा झाल्याशिवाय कुणाला नायक कसं होता येईल? पार्टीत अंगावरचा सूट टाका-टाका उसवत जातो तो प्रसंगही तसाच. पडद्याआड सुईदोरा घेऊन शिंपी लपलेला. विजार निसटणं हा फार जुना विनोद, म्हणून लॉइडला तो नको होता म्हणे. पण प्रेक्षकांना नुसत्या कोटावर समाधान होईना. शेवटी विजारही गेली.

सामन्यातली खरीखुरी गर्दी मात्र त्यानं फुकटात मिळवली. १९२४च्या नोव्हेंबरात बर्कलीला कॅलिफोर्निया आणि स्टॅनफर्ड या विद्यापीठांचा सामना चालू असताना, मध्यंतरात मैदानात उतरून त्यानं आपले प्रसंग घेतले. तो सामना पुढे २०-२० असा बरोबरीत सुटला. आणखी एक गोष्ट: १९१९मध्ये खोटा समजून हातात धरलेला बॉम्ब फुटला आणि लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा आणि त्याशेजारचं बोट गेलं. पडद्यावर दिसतो तो कृत्रिम बोटांचा हातमोजा. हे कळल्यावर त्याचा प्रत्येक झेल मी श्वास रोखून पाहिला.

एकेक खेळाडू जायबंदी होतो, बाक रिकामा होतो आणि अखेर हॅरॉल्ड मैदानात जातो. शिट्टी वाजली की चेंडू टाकायचा, असं त्याला बजावलेलं असतं. म्हणून रेषा हाताशी आलेली असताना कुठल्याशा कारखान्याचा भोंगा वाजतो आणि हा आज्ञाधारकपणे चेंडू टाकतो. पुढे काय होतं ते सांगायला नको, सिनेमा विनोदी आहे.

माझीही वेळ आली होती. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, पहिलीच फेरी. संरक्षणात आमच्या तिसऱ्या तुकडीतल्या एकाचा पाय मुरगळला. सरांनी बाकाकडे पाहिलं. बाकीचे दोन राखीव वडापाव आणायला गेलेले. सरांनी पुन्हा एकदा, जरा आशेनं, गेटकडे पाहिलं. मग मला हात केला. मी धावत आत शिरलो आणि पंचांनी थांबवलं. माझ्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत आठ घड्याळं होती. ती उतरवायला जेवढा वेळ लागला त्याच्या निम्म्या वेळात मी बाद झालो. सामना आम्ही डावानं हरलो, त्यामुळे माझं नाव कुणी घेतलं नाही.

या सिनेमाला एक शेपूट आहे. १९४७मध्ये दिग्दर्शक प्रेस्टन स्टर्जेसनं लॉइडलाच घेऊन ‘द सिन ऑफ हॅरॉल्ड डिडलबॉक’ काढला. त्याची सुरुवात होते जुन्या सामन्याच्या त्याच दृश्यांनी, फक्त नायकाचं आडनाव बदललंय. प्रेक्षकांतला एक मालक त्या खेळावर खूश होऊन त्याला नोकरी देतो. हिशेब लिहायची. बावीस वर्षं तो त्याच टेबलाशी. तेविसावं लागायच्या आत मालक त्याला काढून टाकतो, हातात उरल्यासुरल्या पैशांचा चेक आणि एक स्विस घड्याळ ठेवतो.

हा बोलपट, त्यामुळे बायको मन लावून पाहत होती. घड्याळ पाहून मला हसू फुटलं.

‘नोकरी गेली बिचाऱ्याची,’ ती म्हणाली, ‘आणि तुम्ही हसताय काय?’