मराठी पटकथा एआय सॉफ्टवेअरमध्ये नेताना : वाड्याची संहिता आत गेली

मंडळी, वाड्याची संहिता, म्हणजे वाड्यात घडणारी एक जुनी पटकथा, अखेर पटकथेवरून स्टोरीबोर्ड (शॉटवार चित्रं) काढणाऱ्या एआय सॉफ्टवेअरमध्ये नीट बसली. सीन सुटे झाले, पात्रांची यादी जुळली आणि संवाद लेखकाने लिहिले तसेच्या तसे उतरले. याआधी आत नेलेली पटकथा युनिकोडमध्येच (आजच्या सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षर-संकेतांत) टाइप केलेली होती, त्यामुळे तिचा फारसा त्रास नव्हता. ही मात्र जुनी. आमच्या नाटकाच्या ग्रुपमधल्या सरांनी लिहिलेली, पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ डीटीपी (छपाईसाठी संगणकावर टाइप) करून घेतलेली आणि पैशांअभावी शूट न झालेली. आता तिचा स्टोरीबोर्ड आणि त्यावर संवाद बसवून ॲनिमॅटिक, म्हणजे चित्रांचा कच्चा व्हिडिओ, करायचंय. ही संहिता पडद्यावर यावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा सगळा खटाटोप.

एक गोष्ट आता पक्की झाली आहे. एआयचं काम बरंच पुढचं. मराठी पटकथेचं भलंबुरं त्याच्या आधी, साध्या टेक्स्ट फाइलमध्येच ठरतं.

आधी फॉन्ट

सरांकडे पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरची फाइल आणि तिची पीडीएफ होती. त्या काळच्या डीटीपी फॉन्टमध्ये देवनागरीची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असायची. पीडीएफ डोळ्यांना स्वच्छ दिसते, पण कॉपी करून पाहिलं की हाती येतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. इंपोर्टचं बटण दाबल्यावर सॉफ्टवेअरलाही तेच मिळतं, आणि एआय त्यातून स्वतःच्या मनाने गोष्ट रचू लागतं. म्हणून पीडीएफ थेट कधीही देऊ नका. आधी युनिकोड.

प्रत्येक जुन्या फॉन्टची मांडणी वेगळी, त्यामुळे मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा नेमक्या त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो. खरी परीक्षा ऱ्हस्व वेलांटी आणि रफाराची. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवली जाते. रफाराचं उलट: दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, साठवला जातो त्या अक्षराच्या आधी. कन्व्हर्टरने हे हलवलं नाही तर शब्द फुटतात. चाचणीसाठी मी काही शब्द ठरवून ठेवले आहेत: निर्मिती, स्थिती, वर्षभर, बिऱ्हाड, ज्ञानेश्वर. ‘निर्मिती’त वेलांटी आणि रफार दोन्ही आहेत, ‘बिऱ्हाड’मध्ये आपला खास मराठी ‘ऱ्ह’. हे पाच नीट आले तर बाकीची फाइल बहुधा नीट येते.

ज्यांच्याकडे फक्त छापील प्रत आहे त्यांनी स्कॅन करून टेसरॅक्टचं (चित्रातला मजकूर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरचं) मराठी मॉडेल वापरावं. छापील मजकुराला ते चांगलं चालतं. हस्तलिखित असेल तर सरळ टाइप करायला बसावं, वेळ तितकाच जातो.

फाउंटन, आणि देवनागरीची अडचण

फाउंटन म्हणजे पटकथेसाठीची साध्या टेक्स्टमधली खूणपद्धत, २०१२ सालापासूनची. बहुतेक पटकथा-सॉफ्टवेअर ती वाचतात, आणि नोटपॅडमध्येही ती लिहिता येते. पण तिचा एक पायाभूत नियम रोमन लिपीवर उभा आहे: आधी रिकामी ओळ, मग कॅपिटल अक्षरांतली ओळ आणि तिच्याखाली लगेच मजकूर, की ती कॅपिटल ओळ पात्राचं नाव आणि खालचा मजकूर त्याचा संवाद.

देवनागरीत कॅपिटल नाहीत. यातून दोन प्रकारची गडबड होते आणि दोन्ही मी पाहिल्या. काही सॉफ्टवेअर फक्त ए ते झेड कॅपिटल शोधतात, त्यांना एकही पात्र सापडत नाही आणि सगळे संवाद वर्णनात जातात. काही सॉफ्टवेअर ‘ही ओळ कॅपिटलमध्ये बदलली तर तशीच राहते का’ एवढंच तपासतात. देवनागरीची प्रत्येक ओळ तशीच राहते. मग दोन ओळींत तोडलेल्या वर्णनाची पहिली ओळ पात्र होते आणि दुसरी त्याचा संवाद. ‘अंगणात पारिजातकाचा सडा पडलेला’ हे पात्र यादीत आलेलं पाहिलं तेव्हा मला हे कारण उलगडलं.

उपाय फाउंटनमध्येच आहे. पात्राच्या नावाआधी @ लावायचं, सीनच्या मथळ्याआधी टिंब द्यायचं, आणि वर्णन पात्र समजलं जाण्याची शक्यता असेल तिथे ओळीच्या सुरुवातीला ! टाकायचं. शिवाय वर्णनाचा परिच्छेद एकाच लांब ओळीत ठेवायचा, मध्ये एंटर मारायचा नाही. मथळ्यात मी ‘INT.’ (आतला) आणि ‘EXT.’ (बाहेरचा) रोमन लिपीतच ठेवतो, कारण आतला-बाहेरचा सीन सॉफ्टवेअर त्यावरूनच ओळखतं. पुढचं स्थळ आणि वेळ देवनागरीत: वाडा, माजघर - रात्र.

हे सगळं हाताने करायला नको. सरांच्या फाइलमध्ये प्रत्येक संवादाआधी नाव आणि विसर्गासारखं दोन टिंबांचं चिन्ह होतं. शोधा-आणि-बदला वापरून बहुतेक नावांना @ लागलं. फक्त एक बघा: काही टायपिस्ट त्या जागी खरोखरच विसर्ग टाकतात. ते वेगळं अक्षर आहे, त्यामुळे दोन्ही शोधावे लागतात.

एकच माणूस, चार नावं

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि तो सत्कारणी लागला असं मी म्हणेन. सरांच्या संहितेत इंदू नावाची बाई आहे. मुलाच्या सीनमध्ये तिच्या नावाच्या जागी ‘आई’ लिहिलंय, नातीच्या सीनमध्ये ‘आजी’, शेजारणीच्या सीनमध्ये ‘इंदूताई’. मराठी वाचक अडखळत नाही. सॉफ्टवेअरने मात्र तीन बायका केल्या, तिघींचे चेहरे वेगळे. उलट फ्लॅशबॅकमध्ये इंदूच्या आईलाही ‘आई’च लिहिलंय, आणि त्या दोघी मिळून एक झाल्या.

सरांना फोन केला. “सर, संवादात हाक तीच राहील, पण डावीकडचं नाव सगळीकडे इंदू केलं तर चालेल का?”

“चालेल की. पण फ्लॅशबॅकमधली इंदू वेगळी दिसायला हवी हं. पंचवीस वर्षांचं अंतर आहे.”

इथे कंसाचा मुद्दा येतो. फाउंटनमध्ये पात्राच्या नावापुढचा कंस म्हणजे जोड-सूचना, उदाहरणार्थ फोनवरचा आवाज. त्यामुळे ‘इंदू (तरुण)’ लिहिलं तर ते ‘इंदू’च धरलं जातं आणि म्हातारा चेहरा तरुण सीनमध्ये येतो. कंसाशिवाय ‘तरुण इंदू’ लिहा, म्हणजे वेगळं पात्र तयार होतं.

तसंच ‘ॲ’चं. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र आलं. त्याआधी ‘अ’वर अर्धचंद्र देऊन ते लिहिलं जायचं, आणि काही कीबोर्डवर आजही तसंच लिहिलं जातं. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. आमच्या संहितेतले ॲडव्होकेट त्यामुळे दोन झाले होते. फाइलभर एकच रूप करून घ्या.

आणि आदरार्थी बहुवचन! ‘काका आत येतात. ते खुंटीला टोपी अडकवतात.’ यावर काही फ्रेममध्ये दोन-दोन पुरुष आले. आता वर्णनात मी ‘काका एकटेच आत येतात’ असं लिहितो आणि ‘ते’ऐवजी पुन्हा ‘काका’. संवादांना मात्र हात लावत नाही. इंपोर्ट करताना ‘भाषा सुधारा’ किंवा ‘इंग्रजीत बदला’ अशा ज्या सोयी असतील त्या बंद ठेवा. आत गेल्यावर फाइल परत फाउंटनमध्ये एक्सपोर्ट करा आणि मूळ फाइलशी ओळ-ओळ ताडून पाहा. हे मी आता कधीच टाळत नाही.

चित्रं

वाडा म्हटल्यावर पहिल्यांदा राजस्थानी हवेली आली. ‘माजघर’, ‘ओटी’, ‘दिंडी दरवाजा’ हे एआयला नुसत्या नावाने कळत नाही. कसब्यातल्या ओळखीच्या वाड्यात जाऊन चौक, लाकडी जिना, कोनाडे, सुरूच्या आकाराचे खांब यांचे फोटो घरमालकांना विचारून काढले आणि प्रत्येक स्थळाला जोडले. फरक लगेच दिसला. नऊवारीचा काष्टा अजून जमत नाही. तो मागून दिसणारे शॉट सध्या बाजूला ठेवले आहेत.

लांबीबद्दल एवढंच: एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशोब ‘कुरिअर’ या रोमन फॉन्टचा, १२ पॉइंट आकाराचा आहे. देवनागरी फॉन्टवर तो विसंबण्याजोगा नाही. आम्ही संहिता मोठ्याने वाचून स्टॉपवॉच लावलं.

दुसऱ्याची पटकथा अपलोड करण्याआधी लेखी परवानगी घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने पटकथेवर लेखकाचा हक्क असतो, आणि त्याच्या पश्चात ६० वर्षं तो वारसांकडे राहतो. तुमचा मजकूर एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरला जातो का, हे सेवाअटींत वाचा. सरांना मी तो भाग वाचून दाखवला आणि मगच फाइल चढवली.

पुढची संहिता दोन रकान्यांची आहे, डावीकडे दृश्य आणि उजवीकडे ध्वनी. वर्डच्या टेबलमधून एकेक आडवी ओळ सुटी काढून डावा रकाना वर्णनात आणि उजवा संवादात टाकायचा विचार आहे. ज्यांनी अशा संहिता आत नेल्या असतील त्यांनी पार्श्वसंगीताच्या सूचना कुठे ठेवल्या ते जरूर कळवा. मी तूर्तास त्या फाउंटनच्या दुहेरी चौकटी कंसात, टीप म्हणून ठेवणार आहे.