निनाव जमलं, आणि शेराचं कोडंही सुटलं

जुन्या पाककृतींच्या वहीतली ही पुढची नोंद. निनाव, म्हणजे डाळीचं पीठ, गूळ आणि नारळाच्या रसाच्या भाजलेल्या गोड वड्या, बरेच दिवस अडलं होतं ते मापांपाशी.

कृती एका जुन्या पुस्तकातली. मुखपृष्ठ गेलंय, सालही नाही, पण सगळी मापं शेर-छटाकांत. म्हणजे बहुधा 1958 नंतर दशमान मापं रुळण्याआधीचं. साहित्य असं: हरभऱ्याच्या डाळीचं पीठ एक शेर, कणीक पावशेर, गूळ एक शेर, नारळ दोन, तूप, वेलदोडे, जायफळ.

पण शेर कुठला? सरकारी शेर 80 तोळ्यांचा, साधारण 933 ग्रॅम. मुंबईचा जुना शेर फार लहान: 40 शेरांचा मण 28 पौंडांचा, म्हणजे शेर जेमतेम 317 ग्रॅम. पुस्तक याबद्दल गप्प. उत्तर मिळालं ते नारळांकडून. जांभळी नाक्यावरून मध्यम आकाराचे दोन नारळ आणले, खवून वाटले. दाट आणि पातळ मिळून चार वाट्यांच्या आतच रस निघाला. 933 ग्रॅम पीठ एवढ्या रसात भिजणारच नाही. 317 ग्रॅमला तो नेमका पुरतो. तेव्हा हा मुंबईचा शेर! आता कुठलीही जुनी कृती घेतली की मी आधी नगावर मोजलेले जिन्नस शोधते. नारळ, लिंबं, केळी. बाकीची मापं त्यांच्यावर ताडून बघता येतात.

पुढचं काम धीराचं. दोन्ही पिठं तुपावर मंद आचेवर खमंग भाजली. गूळ नारळाच्या रसात विरघळवून, गाळून, तो रस पिठात थोडा थोडा घातला आणि कडेनं सुटेपर्यंत हलवत राहिले. इथे हात थांबला तर गुठळ्या होतात. मग तूप लावलेल्या भांड्यात थापलं. पुस्तक म्हणतं, खाली-वर निखारे ठेवावेत. अर्धं मिश्रण ओव्हनमध्ये दोन्ही कॉइल लावून 180 अंशांवर भाजलं. अर्धं जाड बुडाच्या पातेल्यात, मंद गॅसवर; झाकणावर दुसऱ्या शेगडीवर तापवलेला लोखंडी तवा, निवला की पुन्हा तापवून. ओव्हनमधलं एकसारखं तांबूस झालं, पण पातेल्यातल्याच्या कडा जास्त खरपूस, आणि मला तेच आवडलं. वड्या पूर्ण गार झाल्यावरच कापा, गरम असताना मोडतात.

यानंतर मानसोल्लासातली इड्डरिका, इडलीची पूर्वज मानतात ती. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा हा बाराव्या शतकातला ग्रंथ. उडदाचं बारीक पीठ, मिरी, जिरं, हिंग; तांदूळ नाही. मिरची तर आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर, फार नंतर आली. तिखटपणा सगळा मिरीचा, म्हणून मिरी ताजी कुटूनच घेणार आहे.

ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन आणखी जुनी पुस्तकंही चाळायची आहेत. ही संस्था 1893 ची. तुमच्या घरच्या पुस्तकात शेर आणि नारळ दोन्ही दिलेली एखादी कृती असेल, तर तिचं प्रमाण कळवा. आणि पुस्तक कुठल्या गावचं, तेही सांगा.