आप्पांचा दोरा

विमानाचं तिकीट काढल्यापासून आप्पांचं एकच टुमणं. "बेळगाव-मुंबई चारशे किलोमीटर? कोण म्हणतंय?"

आप्पांनी एकवीस वर्षं पुणे-बेंगळूर रस्त्यावर ट्रक चालवला. बेळगावच्या वडगावातल्या आमच्या घरापासून मुंबई किती, हे त्यांना तोंडपाठ आहे. रस्त्यानं पाचशेला थोडं कमी. मी म्हटलं, विमान सरळ जातं. "मग रस्ता काय गल्लीतनं जातंय काय?"

शेवटी त्यांचाच जुना घडीचा नकाशा जमिनीवर पसरला. कुंद्याच्या बॉक्सला बांधलेला दोरा सोडला आणि त्यांच्याच हातानं रस्त्यावरून फिरवायला लावला. निपाणी, कोल्हापूर, सातारा, पुणे, तिथून डावीकडं वळून खंडाळ्याचा घाट, मुंबई. मग तोच दोरा दोन टोकांत ताणला. अंगठ्याएवढा उरला. ताणलेल्या दोऱ्याखाली पन्हाळा, कोयनेचं पाणी आणि महाड होतं. पुणं कुठल्या कुठं राहिलं होतं. आप्पा बराच वेळ उरलेला दोरा बोटाला गुंडाळत बसले. (बेंगळूरही आम्हाला रस्त्यानं पाचशेच्याच आसपास. दोन्ही राजधान्या सारख्याच लांब, सीमाभागाचं नशीब!)

सांबऱ्याची, म्हणजे बेळगाव विमानतळाची, धावपट्टी 1942 सालची, ब्रिटिश हवाई दलानं बांधलेली. विमान छोटं, पन्नास सीटांचं जेट. एका बाजूला एकेक सीट, दुसऱ्या बाजूला दोन-दोन. आप्पांनी एकटी सीट पकडली, ट्रकच्या केबिनसारखी.

असलं जेट उंचीवर गेलं की ताशी आठशेच्या आसपास पळतं. म्हणजे चारशेला अर्धा तास. तिकिटावर मात्र सव्वा तास. कारण ती वेळ जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतची असते: धावपट्टीकडं जाणं, चढणं, उतरणं आणि मुंबईची रांग. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं एका वेळी एकच चालवतात. आम्हीही वर घिरट्या घातल्या. एकदा खाली समुद्र, एकदा झोपड्यांचे निळे पत्रे, परत समुद्र.

"कोगनोळी टोलनाक्यावर असंच थांबवतेत," आप्पा म्हणाले. चहा नाही म्हणून वैतागलेलेच होते.

घरातून सव्वानऊला निघालो, डोंबिवलीला ताईच्या दारात पोचलो साडेतीनला. सव्वासहा तास, त्यात विमानाचा सव्वा तास. रात्रीच्या बसनं दहा-अकरा तास लागतात, पण निदान झोप होते.

रात्री जेवताना आप्पांनी भाकरी मोडता मोडता मान वर केली. "सरळ चारशे, ते कबूल. पण त्या घिरट्यांचे किलोमीटर कुणाच्या हिशोबात धरलेत?"

ताईनं आमटी वाढली. मी खाली मान घालून जेवत राहिलो.