आज लायसन्स मिळालं!

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला येऊन सात महिने झाले. एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळालेल्या जोडीदाराच्या व्हिसावर, मला नोकरी नाही, आणि दूध संपलं तरी नवरा ऑफिसातून येईपर्यंत थांबायचं. पुण्यात दहा वर्षं स्कूटर चालवलेल्या मला हे फार लागायचं.

लेखी परीक्षेत ३६ पैकी ३० उत्तरं बरोबर लागतात. ती पहिल्याच वेळी निघाली. रोड टेस्टला मात्र मागच्या महिन्यात नापास. स्टॉपच्या पाटीपाशी गाडी हळू केली, पण चाकं पूर्ण थांबली नव्हती. आज प्रत्येक पाटीपाशी मनात एक, दोन, तीन मोजलं. परीक्षक बाई 'पास' म्हणाल्या, तरी स्टिअरिंगवरचा हात सुटेना.

लायसन्सची मुदत आय-९४ वरच्या, म्हणजे अमेरिकेत राहण्याच्या परवानगीच्या नोंदीवरच्या, तारखेपर्यंतच आहे. असू दे. येताना नवऱ्याला ऑफिसला सोडलं आणि एकटीने जाऊन दूध, कोथिंबीर घेऊन आले.