क्रिएटिनिन १.१, तरीही

एरवी ट्रान्सप्लांट केलेली किडनी नीट चालल्याचं सांगणारा हा रक्ततपासणीचा आकडा आला की आधी बाबांना फोन, मग घरी शिरा. आज डॉक्टरांनी रिपोर्ट नुसता बघितला, बाजूला ठेवला आणि विचारलं, जिना चढताना धाप लागते का? टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लिहून दिली, वर कोलेस्टेरॉलची गोळी. चाळिशीसुद्धा गाठली नाही मी अजून.

रिक्षात बसल्यापासून तेच चाललंय डोक्यात. किडनीचं काय काय केलं नाही! शरीराने किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमसची गोळी, ती बारा तासांनी म्हणजे बारा तासांनीच, मग ऐन मंगलाष्टकांत पर्समधला अलार्म वाजू दे. पपनस बंद, गोळीची लेव्हल चढते म्हणून. लोणचं बंद. आईची आहे ती, तिला धक्का लागता कामा नये. हृदय काय, माझंच. त्याची चौकशी कोण करतंय?

राग याचा येतो की किडनी सांभाळणाऱ्या गोळ्याच बीपी वाढवतात, साखर वाढवतात. वायसोलोनने, म्हणजे स्टेरॉइडच्या गोळीने, कोलेस्टेरॉलही. डायलिसिसच्या काळात रक्तवाहिन्यांत साचलेलं कॅल्शियम वेगळंच, नवी किडनी बसली म्हणून ते निघून जात नाही. 'किडनी चांगली चालत असताना हृदयाने गेलेले पेशंट बघितलेत मी,' डॉक्टर म्हणाले. पेनाला टोपण लावता लावता.

डायलिसिससाठी डाव्या हातात धमनी आणि शीर जोडून केलेला फिस्टुला अजून चालू आहे. बोट ठेवलं की थरथरतो, उशाशी हात घेतला की घुरघुर ऐकू येते. आज कळलं, त्याच्यापायीही हृदयाला जास्तीचं रक्त ढकलावं लागतं. म्हणजे डायलिसिस सुटलं तरी याची बिनपगारी हमाली चालूच.

आई विचारेल, 'माझी नीट आहे ना?' आहे गं. तिचं स्वतःचं बीपी हल्ली... जाऊ दे.

जेवणानंतर वाचत बसले. स्टॅटिनवरचा, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीवरचा, २००३ सालचा एक अभ्यास सापडला, २,१०२ पेशंट, सगळे ट्रान्सप्लांटवाले. एकूण निकाल ठाम नव्हता, पण हार्ट अटॅक आणि हृदयाने होणारे मृत्यू गोळी घेणाऱ्यांत कमी दिसले. वाचून हायसं वाटलं, मग त्याचाच राग आला. दोन हजार लोकांना हे तेव्हाच विचारलं गेलं होतं, मला आज.

असो. डब्यात रात्रीच्या खणात एक गोळी वाढली, झाकण जरा दाबून लावावं लागतं. वहिनी म्हणते उद्यापासून चालायला जाऊ. तिला स्वतःचं वजन उतरवायचंय, निमित्त माझं. इको सोमवारी. उपाशी यायला नको म्हणालेत, तेव्हा पोहे खाऊन जाईन.